महागड्या स्पोर्ट्स कारच्या शोरूममध्ये नुसतं बघायला गेलं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका शोरूममध्ये मी नऊ वर्षं परदेशी स्पोर्ट्स कार विकल्या. काम सोडून दोन वर्षं झाली, तरी ओळखीची माणसं अजून तेच विचारतात, "आम्ही गेलो तर आत घेतील का गं?" भाचा विचारतो, सोसायटीतले काका विचारतात, साताऱ्याची मावसबहीण तिच्या मुलासाठी विचारते. फोनवर तुकड्यातुकड्यांत दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

गाडी घ्यायची ऐपत नाही. नुसतं बघायला गेलं तर चालतं का?

चालतं. बिनधास्त जा. रिसेप्शनवर एवढंच सांगा, "गाडी घ्यायची नाहीये, बघायची हौस आहे. कुणी मोकळं असेल तर दाखवाल का?" हे ऐकलं की समोरचा माणूस सैल होतो. विकणाऱ्याला हौशी माणसाचा त्रास होत नाही. खरेदीदार असल्याचं भासवून तासभर कोटेशन काढायला लावणाऱ्याचा होतो.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. दारातून आत आलेल्या प्रत्येकाला चांगली वागणूक मिळालीच पाहिजे. नमस्कार, पाणी, बसायला खुर्ची, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर. यात गिऱ्हाईक आणि बघे असा भेद करायचं काही कारण नाही. वेळेचं मात्र तसं नसतं. लॅम्बोर्गिनीने २०२३ साली जगभरात १०,११२ गाड्या दिल्या, त्यांतल्या १०३ भारतात. त्याही दिल्ली, मुंबई आणि बंगळूर अशा तीन शोरूममधून. म्हणजे एका शोरूमच्या वाट्याला सरासरी महिन्याला तीनसुद्धा नाहीत. एकेका गिऱ्हाइकामागे सहा-सहा महिने जातात आणि तो केव्हा येऊन उभा राहील याचा नेम नसतो. तेव्हा दहा मिनिटांनी कुणी "जरा आलो हं" म्हणून उठलं, तर मनाला लावून घेऊ नका. उठताना त्याने तुमच्याकडे बघून हे सांगितलं की न बोलताच निघून गेला, यावरून ते शोरूम कसं आहे ते ठरवा.

कोणत्या दिवशी जावं?

मंगळवार-बुधवार, सकाळी अकरा ते एक. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि महिनाअखेरीला सगळे टार्गेटच्या मागे असतात. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी हे दिवस टाळाच. करोडोंच्या गाडीलाही लोक मुहूर्त बघतात. हार, पेढे, नारळ, गुरुजी, चाकाखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत चालू असतं आणि सगळा स्टाफ डिलिव्हरीत अडकलेला असतो.

दारातच सिक्युरिटीने अडवलं तर?

हे होतं. मी अकरावीत असताना माझ्या बाबतीतही झालं होतं. आम्ही दोघी मैत्रिणी कॉलेज सुटल्यावर दप्तरांसकट गेलो होतो. वॉचमनने काही विचारलं नाही, नुसता हात आडवा धरला. तो हात मला अजून आठवतो, त्याच्या मनगटावरच्या लाल धाग्यासकट.

पण पुढे आतून पाहिलं तेव्हा कळलं की तो माणूस स्वतःहून अडवत नसतो. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, "टाइमपास पब्लिक आत सोडू नकोस." एखादा बघ्या आत गेला आणि काही झालं, तर पगार त्याचाच कापला जातो. म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका. "आत कुणा सेल्सच्या माणसाला विचारता का?" असं शांतपणे म्हणा. बहुतेक वेळा आतून होकार येतो. नकार आला तर कारण विचारा. आत डिलिव्हरी चालू आहे किंवा एखादं मॉडेल अजून जाहीर व्हायचंय, ही खरी कारणं असू शकतात. "असंच" हे कारण नव्हे.

कपडे कसे घालावेत? चप्पल चालेल का?

कपडे बघतात. खोटं कशाला सांगू? घड्याळ बघतात, बूट बघतात, तुम्ही कशातून उतरलात तेही काचेतून बघतात. नव्या पोरांना कुणी शिकवलेलं नसलं तरी ती महिनाभरात हे उचलतात. जुनी माणसं मात्र याला फसत नाहीत. ती तुमचे प्रश्न ऐकतात. "मायलेज किती?" असं कुतूहलाने विचारणारा वेगळा आणि "सिरॅमिक ब्रेक घेतले तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आवाज करतात का?" असं विचारणारा वेगळा.

कपड्यांपेक्षा पट्ट्याकडे लक्ष द्या. पुढच्या प्रश्नात त्याचं कारण आहे.

गाडीला हात लावू देतात का? आत बसू देतात का?

विचारून. नेहमी विचारून. समोर उभी असलेली गाडी शोरूमची असेलच असं नाही. पुष्कळदा ती विकली गेलेली असते, पासिंग व्हायचं असतं, आणि मालक येऊन न्यायची वाट बघत ती तिथे उभी असते. दार लॉक असेल तर बहुधा हेच कारण असतं. दुसऱ्याच्या गाडीत तुम्हाला बसवायचा हक्क विकणाऱ्याला नाही.

डिस्प्लेची गाडी असेल तर बसायला मिळण्याची शक्यता चांगली आहे. त्याआधी पट्ट्याचं बक्कल पाहा. वाकून आतलं बघताना दाराच्या कडेवर ते नेमकं घासतं. जीन्सच्या मागच्या खिशावरची तांब्याची बटणं सीटच्या चामड्यावर ओरखडे काढतात. अंगठी हँडलच्या मागच्या खोबणीत चरे पाडते. गळ्यातली पर्स, हातातला फोन, खिशातल्या किल्ल्या, सगळं बाहेर ठेवा. एक चरा पॉलिश करायला पोराला अर्धा दिवस लागतो, आणि खोल गेला तर ती गाडी "नवी" म्हणून विकताना गिऱ्हाइकाला तसं सांगावं लागतं.

बसण्याची एक रीत आहे. या गाड्यांची सीट आपल्या गुडघ्यांच्याही खाली असते. आधी पाय आत टाकलात तर अडकाल. गाडीकडे पाठ करा, आधी टेका, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्या. साडी नेसलेल्या बायकांना मी हेच सांगायचे आणि त्या पुरुषांपेक्षा झोकात बसायच्या. बाहेर पडताना दाराला लोंबकळू नका, चौकटीवर हात टेकून उठा.

आत बसल्यावर दिसेल ते बटण दाबायचा मोह आवरा. शोरूममधल्या गाड्या आठवडेच्या आठवडे सुरू होत नाहीत, म्हणून त्यांच्या बॅटऱ्या चार्जरवर असतात. दारं, दिवे, स्क्रीन यांनी बॅटरी उतरते.

इंजिन सुरू करून आवाज ऐकवतील का?

सहसा नाही. बंद हॉलमध्ये धूर होतो. थंड इंजिन मिनिटभर चालवून बंद करणं इंजिनालाही चांगलं नसतं. आवाज ऐकायचा असेल तर डिलिव्हरीच्या दिवशी बाहेर फुटपाथवर उभं राहा. तो कुणी अडवू शकत नाही.

गाड्या इतक्या कमी का ठेवतात आणि एवढ्या जपतात का?

हिशोब करून पाहू. पूर्ण बनून बाहेरून येणाऱ्या या गाडीची बंदरात उतरेपर्यंतची किंमत १ कोटी धरा. त्यावर आयातशुल्क, अधिभार वगैरे मिळून ११० टक्के, म्हणजे २ कोटी १० लाख झाले. या सगळ्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. आता २ कोटी ९४ लाख. (त्याआधी अशा स्पोर्ट्स कारवर जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के होते, तेव्हा हाच आकडा ३ कोटी ११ लाखांच्या आसपास जायचा.) यात डीलरचं कमिशन, विमा, रोड टॅक्स अजून आलेलेच नाहीत. महाराष्ट्रात रोड टॅक्सची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. व्यापारी करार होतील तसे हे दर बदलतील, म्हणून घेणाऱ्याने त्या दिवसाचा आकडा शोरूममध्येच विचारावा.

म्हणजे डिस्प्लेला दोन गाड्या ठेवायच्या तर डीलरचे पाच-सहा कोटी नुसते उभे राहतात, आणि त्यावर व्याज चालू असतं. दुबईत शेख झायेद रोडवरच्या शोरूममध्ये रांगेने गाड्या दिसतात आणि आपल्याकडे दोन-तीनच, त्याचं मुख्य कारण हेच.

फोटो आणि रील?

गाडीचे फोटो विचारून खुशाल काढा. बॉनेटवर बसू नका, गाडीला टेकू नका. मागे बसलेलं गिऱ्हाईक, टेबलावरचे कागद किंवा नंबर प्लेट फ्रेममध्ये येऊ देऊ नका. "माझी नवी गाडी" म्हणून टाकायचा व्हिडिओ असेल तर शोरूमचा नाही म्हणायचा हक्क मला मान्य आहे.

नाव, नंबर, व्यवसाय का विचारतात? द्यावा लागतो का?

आलेल्या प्रत्येक माणसाची सिस्टीममध्ये एन्क्वायरी टाकायची असते, वरून तसा दट्ट्या असतो. सक्ती नाही. "नुसता बघायला आलोय, नंबर नको" म्हणालात तर पुढचे फोन वाचतील, तुमचेही आणि त्या पोराचेही.

टेस्ट ड्राइव्ह मिळते का?

हौशी माणसाला नाही, आणि ते मला पटतं. डेमो कार दर मॉडेलची नसते. असते तिचं टायर, विमा, इंधन डीलरच्या खिशातून जातं, शिवाय एखाद्या उंच स्पीड ब्रेकरला पुढच्या बंपरची खालची कड घासली तर दुरुस्तीचा आकडा तुमच्या-माझ्या गाडीच्या किमतीएवढा होतो. गंभीर खरेदीदाराला लायसन्स दाखवून, शेजारी शोरूमचा माणूस बसवून, ठरलेल्या रस्त्यावर चालवायला मिळते. काही कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नेतात. जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तेच सर्किट.

"मुलगा सतरा वर्षांचा आहे, पण चांगली चालवतो," असं सांगणारे वडील मी पाहिलेत. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पासिंग न झालेल्या पोर्शेने दोन तरुण जीव गेले. चालवणारा अल्पवयीन होता. या प्रश्नाला शोरूमने एकाच शब्दात उत्तर द्यावं आणि कुणाच्याही ओळखीने ते बदलू नये.

पैसे तयार आहेत, तरी "अलोकेशन नाही" सांगतात. ही टाळाटाळ आहे का?

बहुतेक वेळा नाही. हे समजायला अवघड जातं, कारण बाकी सगळ्या बाजारात पैसे दिले की वस्तू मिळते. इथे किती गाड्या बनवायच्या हे कारखाना ठरवतो, त्यांतल्या किती भारताला द्यायच्या हेही तोच ठरवतो. डीलरच्या हातात मोजके स्लॉट येतात. नेहमीच्या मॉडेलसाठी नंबर लावून थांबावं लागतं, वर्ष किंवा जास्तही. मर्यादित मॉडेलचा प्रकार आणखी वेगळा. फेरारीने २०१३ ची लाफेरारी ४९९ कूपेंपुरती ठेवली, २०२४ ला जाहीर केलेली एफ८० ७९९ ठेवली. अशा गाड्या कारखाना जुन्या, अनेक फेरारी सांभाळणाऱ्या लोकांना स्वतः देऊ करतो. तिथे नव्या माणसाचा चेक मोठा असून उपयोग नसतो, आणि डीलरने ठरवलं तरी तो काही करू शकत नाही.

यामागे गाडी घेऊन लगेच चढ्या भावाने विकणाऱ्यांना दूर ठेवण्याचा हेतू आहे, तो मला योग्य वाटतो. न पटणारी गोष्ट वेगळी आहे. "आधी ही दुसरी गाडी घ्या, मग तुमचं नाव पुढे पाठवतो," असं आडून सुचवायचं आणि लेखी काहीच द्यायचं नाही, हे मी अनेकदा ऐकलंय. असं कुणी म्हणालं तर तिथेच विचारा: माझा नंबर कितवा, बुकिंगची रक्कम परत मिळते का, किती दिवसांत, कोणत्या अटीवर? उत्तर ईमेलवर मागा. सरळ माणूस देतो.

रोख देऊन गाडी घेता येते का?

नाही. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल करायचा प्राप्तिकर, लागतो. पिशवी भरून नोटा टेबलावर ओतण्याचे किस्से ऐकायला छान असतात, पण ते पैसे तसेच परत न्यावे लागतात.

मराठीत बोललं तर चालेल का?

का नाही चालणार? मुंबईतल्या शोरूममध्ये डिलिव्हरीआधी गाडी तपासणारा, गाडी पुसणारा, अकाउंट्समध्ये बसलेली, यांतले कितीतरी मराठीच असतात. मी स्वतः आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा नाशिकच्या एका कुटुंबाशी पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत केला. गिअरबॉक्सला गिअरबॉक्सच म्हणायचं, बाकी सगळं आपल्या भाषेत. समोरचा इंग्रजीत उत्तर देत राहिला तर "मराठी किंवा हिंदी येणारं कुणी आहे का?" असं विचारण्यात काही कमीपणा नाही.

बाईमाणूस एकटी गेली तर?

गाडी तिची, पैसे तिचे, आणि विकणारा बोलतोय नवऱ्याशी, हे मी अगणित वेळा पाहिलं. एक डॉक्टरीण बाई आल्या होत्या. माझा सहकारी पंधरा मिनिटं त्यांच्या ड्रायव्हरला हॉर्सपॉवर समजावत होता आणि बाईंना फक्त रंगांचं कार्ड दिलं. त्यांनी ते कार्ड टेबलावर उलटं ठेवलं आणि मला हाक मारली. तुमच्यावर अशी वेळ आली तर माणूस बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे, त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

अपमान झाला तर काय करावं?

त्याच दिवशी, नाव-वेळ लिहून शोरूमच्या मॅनेजरला ईमेल करा आणि कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला कॉपी ठेवा. या कंपन्या आपल्या नावाला फार जपतात. अशी ईमेल आली की त्या डीलरकडे खुलासा मागतात.

२०२२ च्या जानेवारीत कर्नाटकात तुमकूरला महिंद्रच्या शोरूममध्ये पिकअप घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला त्याच्या खिशावरून हिणवल्याची बातमी देशभर गाजली. तासाभरात तो १० लाख घेऊन परत आला, तर गाडी हातात द्यायला तयार नव्हती. आनंद महिंद्रा यांना माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल जाहीरपणे लिहावं लागलं आणि शेतकऱ्याकडे दिलगिरी व्यक्त झाली. लोकांना ही गोष्ट आवडली, कारण त्याने पैसे आणून दाखवले. मला एक प्रश्न तेव्हापासून छळतो. त्याने पैसे आणले नसते तर? मग ते बोलणं बरोबर ठरलं असतं का?

अशीच एक गोष्ट फेरुचिओ लॅम्बोर्गिनी स्वतः सांगत. ट्रॅक्टर बनवणारा हा माणूस आपल्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्याकडे गेला आणि तुला ट्रॅक्टर चालवणंच जमतं, अशा अर्थाचं ऐकून परत आला. १९६३ साली त्याने स्वतःची कार कंपनी काढली.

अलवरच्या महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस कचरा उचलायला लावल्या, हे खरं का?

याचा भक्कम पुरावा नाही. हीच गोष्ट कुणी भरतपूरच्या, कुणी पतियाळाच्या, कुणी हैदराबादच्या नावावर सांगतं. पुढे पाठवू नका.

लहान मुलांना नेलं तर?

न्या. फक्त आधी हात धुवून न्या आणि आत असेपर्यंत हात धरा. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी मुलांना फेरारी हे नाव कळलं ते २००२ साली. सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन सर्किटवर फेरारीचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर शूमाकरने त्याच्या हातात ३६० मोडेनाची किल्ली दिली तेव्हा. वहीच्या कव्हरवर लाल गाडी चिकटवणारी मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांतली एक-दोन मला शोरूममध्ये भेटली, पेन हातात घेऊन बुकिंग फॉर्मवर सही करताना.

शोरूमशिवाय या गाड्या कुठे बघता येतात?

रविवारी पहाटे वरळी सी-फेसला. मुंबईत भरणाऱ्या सुपरकार शोमध्ये, तिथे मालक स्वतः हौसेने सांगतात. परदेशी नातेवाइकांकडे गेलात तर श्टुटगार्टला पोर्शेचं संग्रहालय आहे, मारानेल्लोला फेरारीचं आणि सांतागाता बोलोन्येझेला लॅम्बोर्गिनीचं. तिथे तिकीट काढलं की तुम्ही पाहुणे.

पुन्हा पुन्हा गेलं तर वैतागतात का?

काही जण वैतागतात. मी नाही वैतागले, त्याला कारण एक गृहस्थ. एसटीत चालक होते, परळ डेपोला ड्युटी लागली की वर्षातून दोनदा-तीनदा यायचे, कधी मुलीला घेऊन. पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर म्हणाले, "ताई, घेणारा नाही मी, बघणारा आहे." तिसऱ्या खेपेला डिस्प्लेची गाडी रिकामी होती, म्हणून मी दार उघडलं. त्यांनी न सांगता पट्टा काढून मुलीकडे दिला, टेकले, पाय आत घेतले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गप्प बसून राहिले. मला त्यांचा डावा पाय दिसत होता. मऊ कार्पेटवर तो क्लच शोधत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग म्हणाले, "नाहीच की इथे." मी त्यांना स्टिअरिंगमागच्या दोन पात्या दाखवल्या, उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. त्यांनी डावी पाती दोन बोटांनी हळूच ओढली आणि मुलीला हाक मारली, "अगं, बघ इकडे."